प्रतिभा की परिश्रम: थोर बुद्धिबळपटूंकडून आपल्या सरावासाठी काय घ्यावे

बुद्धिबळाचा विषय निघाला की थोर खेळाडूंची दोन गटांत वाटणी करण्याची सवय फार जुनी आहे. कापाब्लांका, ताल, आनंद आणि कार्लसन हे उपजत प्रतिभेचे, तर अलेखाइन, बोट्विनिक आणि फिशर हे अपार कष्टाचे, असे सरसकट म्हटले जाते. खेळ सुधारू पाहणाऱ्या माणसाला या वाटणीचा उपयोग तर होत नाहीच, पण अपाय मात्र होतो; कारण आपल्यात उपजत काही नाही असे एकदा मनाने घेतले की अवघड स्थितीसमोर अर्धा तास बसून राहण्याची उमेद संपते, आणि आपल्यात ते आहे असे वाटू लागले की एंडगेमचा, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याचा, कंटाळवाणा अभ्यास टाळायला आयती सबब मिळते. म्हणून थोर खेळाडूंच्या कारकिर्दी कशा वाचाव्यात, स्वतःच्या शिकण्याचा वेग कसा ओळखावा आणि त्यानुसार सराव कसा आखावा, एवढ्यापुरता या प्रश्नाचा विचार येथे केला आहे. माझे मत आधीच सांगतो. बुद्धिबळात ज्याला आपण प्रतिभा म्हणतो, तो बव्हंशी शिकण्याचा वेग असतो, आणि पटावर काम सुरू केल्याशिवाय तो वेग ना इतरांना दिसतो, ना स्वतःला.

कारकीर्द कशी वाचावी

कोणत्याही थोर खेळाडूची कारकीर्द वाचताना चार गोष्टी शोधाव्यात: तो खेळ कोणत्या वयात आणि कोणाच्या सहवासात शिकला, पहिल्या काही वर्षांत त्याच्या वाट्याला किती बुद्धिबळ आले, कोणत्या प्रकारच्या स्थितींत तो इतरांच्या आधी तरबेज झाला, आणि मोठा पराभव पदरी पडल्यावर त्याने काय केले. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत बोलकी असते, आणि नेमकी तीच घाईघाईने वाचली जाते.

होसे राउल कापाब्लांका याचे उदाहरण घ्यावे, कारण उपजत प्रतिभेचा दाखला म्हणून त्याचेच नाव सर्वांत आधी पुढे येते. १८८८ मध्ये हवाना येथे जन्मलेला हा मुलगा चौथ्या वर्षी वडिलांचा खेळ नुसता पाहून चाली शिकला, अशी हकिकत तो स्वतः सांगत असे. १९०१ मध्ये, तेरावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, त्याने हुआन कोर्सो या क्यूबातील आघाडीच्या खेळाडूला सामन्यात हरवले. १९२१ मध्ये तेव्हाचा जगज्जेता लास्कर याला हरवून तो जगज्जेता झाला. आणि १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत तो स्पर्धेतला वा सामन्यातला एकही डाव हरला नाही. येथपर्यंत वाचून पुस्तक मिटले तर प्रतिभेचा पक्ष जिंकल्यासारखा वाटतो. परंतु १९२७ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे त्याच्यासमोर अलेखाइन बसला. त्या सामन्यापूर्वी अलेखाइनने कापाब्लांकाला एकदाही हरवलेले नव्हते. त्याने कापाब्लांकाचे डाव एकेक करून तपासले, त्याच्या सहज दिसणाऱ्या खेळात कोठे कोठे शैथिल्य येते याचा शोध घेतला आणि ३४ डाव चाललेल्या त्या सामन्यात सहा डाव जिंकून, तीन हरून आणि २५ बरोबरीत सोडवून जगज्जेतेपद मिळवले.

या निकालावरून कष्टाने प्रतिभेला हरवले असा अर्थ काढणे मात्र उथळपणाचे ठरेल. अलेखाइनच्या डावांत जे डावपेच दिसतात, ते केवळ बैठक मारून कोणालाही सुचतील असे नाहीत. दुसऱ्या बाजूला, खेळ शिकताना एंडगेमपासून सुरुवात करावी असा आग्रह कापाब्लांकाच धरत असे. ज्याने एंडगेमवर स्वतः कधी विचारच केला नाही, तो असा आग्रह धरणार नाही. त्याची सहजता दिसत होती आणि तिच्यामागचा अभ्यास दिसत नव्हता, इतकेच.

मिखाइल ताल १९६० मध्ये बोट्विनिकला साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी हरवून २३ व्या वर्षी जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षीच्या परतीच्या सामन्यात, पन्नाशीला टेकलेल्या बोट्विनिकने त्याला तेरा विरुद्ध आठ असे हरवले. त्या काळात तालची प्रकृती बरी नव्हती, हे विसरून चालणार नाही. तरीही बोट्विनिकची तयारी मुळातून पाहावी अशी आहे. ताल ज्या खुल्या, गुंतागुंतीच्या स्थितींत धोकादायक ठरे, त्या स्थिती डावात उद्भवूच नयेत अशी त्याने सुरुवातीच्या चालींपासून व्यवस्था केली. आपण का हरलो, या प्रश्नाचे इतके प्रामाणिक उत्तर शोधणारे खेळाडू थोडे असतात.

विश्वनाथन आनंद हे तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते दोन्ही गटांची भिंतच मोडून काढते. तरुणपणी तो इतक्या वेगाने खेळे की त्याच्याविषयी बोलताना सर्व भर त्या वेगावरच असे. २००८ मध्ये बॉन येथे माजी जगज्जेता क्रॅमनिक याच्याविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना खेळताना मात्र त्याने वजिरापुढचे प्यादे हलवून डावांची सुरुवात केली, जी त्याची नेहमीची सवय नव्हती, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तिसऱ्या व पाचव्या डावात एकाच तीक्ष्ण, घरी बारकाईने तपासलेल्या प्रकाराने क्रॅमनिकला दोनदा हरवले. साडेसहा विरुद्ध साडेचार असा तो सामना त्याने जिंकला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. ज्याला सर्व काही पटावर बसल्या बसल्या दिसते अशी ख्याती होती, त्याने सहकाऱ्यांसह अनेक महिने तयारी केली होती.

लहान वयातील चमत्कारांच्या हकिकती वाचताना वयापेक्षा वर्षांकडे पाहावे. १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड बर्नविरुद्ध वजिराचे बलिदान देऊन जो डाव जिंकला, तो शतकातील सर्वोत्तम डाव म्हणून गाजला. फिशर खेळ शिकला तो सहाव्या वर्षी, म्हणजे त्या डावाच्या मागे सात वर्षे होती, आणि त्यांतली बरीचशी त्याने अक्षरशः बुद्धिबळात बुडून काढली होती. सोव्हिएत खेळाडूंचे विश्लेषण वाचता यावे यासाठी तो रशियन भाषाही पुढे शिकला. याउलट मॅग्नस कार्लसनला वडिलांनी पाचव्या वर्षाच्या सुमारास खेळ दाखवला तेव्हा त्याने फारसा रस घेतला नाही. काही वर्षांनी थोरल्या बहिणीला हरवण्याची ईर्षा निर्माण झाली, तेव्हा तो मन लावून खेळू लागला आणि २००४ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातील सर्वोच्च किताबाचा मानकरी, झाला. त्याच्या शिकण्याचा वेग असामान्य होता यात शंका नाही. पण रस निर्माण होईपर्यंत त्या वेगाचा मागमूसही कोणाला लागला नव्हता.

पोल्गार भगिनींची हकिकत नेहमी परिश्रमाच्या बाजूने सांगितली जाते. लास्लो पोल्गार यांची धारणा अशी होती की असामान्य माणसे घडवता येतात, आणि ती सिद्ध करण्यासाठी त्यांनी तिन्ही मुलींना घरीच शिकवून लहानपणापासून बुद्धिबळात वाढवले. झुझा ग्रँडमास्टर आणि पुढे महिला जगज्जेती झाली. झोफियाने १९८९ मध्ये रोम येथे ग्रँडमास्टर खेळत असलेल्या स्पर्धेत नवांपैकी साडेआठ गुण मिळवले. ज्युडिट १९९१ मध्ये, १५ वर्षे आणि काही महिने वयाची असताना, सर्वांत लहान वयाचा फिशरचा विक्रम मोडून ग्रँडमास्टर झाली आणि पुढे पुरुषांसह गणल्या जाणाऱ्या जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत पोहोचली. तिन्ही मुली असामान्य पातळीवर पोहोचल्या, हा शिक्षणाच्या बाजूचा मोठाच पुरावा आहे. पण घर एक, शिक्षक एक, पुस्तके तीच, आणि तरीही ज्युडिट बाकी दोघींच्या कितीतरी पुढे गेली, हे त्याच हकिकतीचे दुसरे अंग आहे. दोन्ही अंगे एकत्र वाचणाऱ्यालाच तिच्यातून काही शिकता येते.

संशोधन काय सांगते

डच मानसशास्त्रज्ञ आणि बुद्धिबळपटू आड्रियान डी खरोट याने १९४० च्या दशकात ग्रँडमास्टरांना व सामान्य खेळाडूंना एकच स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला सांगितले. श्रेष्ठ खेळाडू फार जास्त चाली पुढे मोजत असतील ही अपेक्षा त्यात फोल ठरली. ते योग्य चालींचाच विचार करत होते, असे दिसून आले. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली. मास्टर दर्जाच्या खेळाडूने सुमारे सोळा मोहरे बरोबर ठेवले, नवशिक्याने सुमारे चार. तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मास्टरची स्मरणशक्ती जन्मतः दांडगी नव्हती. खऱ्या डावांत वारंवार येणारे आकार त्याला ओळखीचे होते. ही ओळख अभ्यासाने होते, आणि येथे परिश्रमाची बाजू भक्कम आहे.

परंतु ती ओळख प्रत्येकाला सारख्याच वेळात होत नाही. गोबे आणि कांपितेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनातील १०४ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मास्टर पातळी गाठायला सरासरी सुमारे ११ हजार तास लागल्याचे आढळले. मात्र एका खेळाडूने ती सुमारे तीन हजार तासांत गाठली होती, तर दुसऱ्याला २३ हजारांहून अधिक तास लागले होते. इतके किंवा त्याहून अधिक तास घालवूनही तेथवर न पोहोचलेले खेळाडूही त्यात होते. दहा हजार तास दिले की कोणीही निष्णात होतो, हे जे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबून मुलांच्या भवितव्याचे निर्णय घेऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते.

बुद्ध्यांकाविषयी एक बारीक पण उपयुक्त निष्कर्ष आहे. बुद्धिमत्तेचा आणि बुद्धिबळातील कौशल्याचा संबंध आढळतो, पण तो माफक आहे, आणि वयाने लहान किंवा पातळीने खालच्या खेळाडूंमध्ये तो अधिक स्पष्ट दिसतो. सुरुवातीच्या एकदोन वर्षांत जे मूल झपाट्याने पुढे जाते, तेच दहा वर्षांनंतरही पुढे असेल असे यावरून म्हणता येत नाही.

स्वतःच्या शिकण्याचा वेग कसा पाहावा

एखादे कोडे पहिल्याच प्रयत्नात सुटले की नाही, यावरून काहीही ठरवू नये. शिकलेली कल्पना दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या स्थितीत ओळखता येते का, हे पाहावे. त्यासाठी रिखार्ड रेटी याने १९२१ मध्ये रचलेली पुढील स्थिती पटावर मांडावी. हा तोच रेटी, ज्याने १९२४ मध्ये कापाब्लांकाची आठ वर्षांची अपराजित वाटचाल थांबवली.

(घराच्या नावातले अक्षर उभी ओळ दाखवते, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; अंक आडवी ओळ दाखवतो, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) पांढरा राजा एच८ वर, पांढरे प्यादे सी६ वर; काळा राजा ए६ वर, काळे प्यादे एच५ वर. खेळी पांढऱ्याची आहे आणि त्याला डाव बरोबरीत सोडवायचा आहे. काळे प्यादे पांढऱ्या राजाच्या हाती लागणार नाही, आणि काळा राजा मात्र दोन चालींत पांढरे प्यादे मारू शकतो, असे प्रथमदर्शनी दिसते. मोहरे न हलवता किमान वीस मिनिटे विचार करावा आणि आपले उत्तर लिहून ठेवावे.

राजा जी७ वर येतो. काळे प्यादे एच४ वर जाते, तेव्हा राजा एफ६ वर येतो. आता काळ्याने प्यादे एच३ वर नेले, तर पांढरा राजा ई७ वर जाऊन स्वतःच्या प्याद्याला सोबत करतो, दोन्ही प्यादी शेवटच्या ओळीत पोहोचून वजीर होतात आणि डाव बरोबरीत सुटतो. काळा राजा बी६ वर आला, तर पांढरा राजा ई५ वर येतो, आणि येथे या रचनेचे सारे सौंदर्य आहे: काळ्याने सी६ चे प्यादे मारले, तर राजा एफ४ वर जाऊन काळ्या प्याद्याला गाठतो, प्यादे एच३ वर पुढे नेले, तर राजा डी६ वर जाऊन आपले प्यादे पार करतो. तिरपे चालणारा राजा एकाच चालीत दोन कामे करतो, म्हणून हरवलेला वेळ भरून निघतो.

हे उत्तर सापडले नाही, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आठ-दहा दिवसांनी, राजा आणि प्यादी एवढेच शिल्लक असलेल्या वेगवेगळ्या स्थिती घ्याव्यात, ज्यांत काहींमध्ये ही कल्पना असेल आणि काहींमध्ये नसेल, आणि ती कोठे लागू पडते हे किती लवकर ओळखता येते याची नोंद करावी. हाच प्रयोग हत्तींच्या एंडगेमवर, राजावरील हल्ल्यांवर आणि प्याद्यांच्या रचनांवर करावा. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की आपला वेग कोठे चांगला आहे आणि कोठे मंद आहे, याचे चित्र दिसू लागते. आणि बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत तो सर्वत्र सारखा नसतो. प्रतिभा आहे की नाही या प्रश्नापेक्षा ती कोठे आहे हा प्रश्न म्हणूनच अधिक कामाचा आहे.

सरावाची आखणी

सरावाचे म्हणून खेळाडू जे तास सांगतात, त्यांत खेळलेले डाव, पाहिलेले प्रक्षेपण आणि गप्पाही मोजल्या जातात. खेळातील प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध आढळला आहे तो एकट्याने, गंभीरपणे केलेल्या अभ्यासाचा. त्यामुळे आठवड्याच्या वेळेतला मोठा भाग यासाठी राखून ठेवावा, आणि त्यात स्वतःच्या हरलेल्या डावांना पहिले स्थान द्यावे.

हरलेला डाव तपासण्याची रीत अशी असावी. डाव संपल्यावर त्याच दिवशी, इंजिन (चालींचे विश्लेषण करणारा संगणक-प्रोग्राम) न लावता, प्रत्येक निर्णायक वळणावर आपण काय विचार केला होता ते लिहून काढावे. कोणती चाल सुचली आणि का टाळली, प्रतिस्पर्ध्याची कोणती चाल दिसलीच नाही, घड्याळात किती वेळ उरला होता. हे लिहिणे सर्वांत कष्टाचे असते, कारण निकाल कळल्यानंतर आपला मूळ विचार आठवणे आणि तो जसाच्या तसा मान्य करणे मनाला रुचत नाही. दुसऱ्या दिवशी पट मांडून स्वतः पर्याय शोधावेत. इंजिन त्यानंतर लावावे, आणि त्याने दाखवलेली चाल आपल्याला का सुचली नाही याचे एका वाक्यात उत्तर लिहिता आले तरच ती तपासणी पुरी झाली असे समजावे. डी. गुकेश याच्या जडणघडणीच्या वर्षांत इंजिनाचा वापर मुद्दाम दूर ठेवण्यात आला होता, आणि तो २०१९ मध्ये बारा वर्षे सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. इंजिनाविना विचार करण्याची सवय लागल्याने प्रगती खुंटते, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणाऱ्या, डावांमुळे आकारांची ओळख वाढते, पण त्यांत चुकीच्या सवयीही तितक्याच वेगाने मुरतात. ते खेळावेत, मात्र संथ डावांची जागा त्यांना देऊ नये. सुरुवातीच्या चालींची पाठांतरे मास्टर पातळीच्या खाली असलेल्या खेळाडूने मोजकीच ठेवावीत.

ज्या क्षेत्रात आपला वेग चांगला आहे, तेथे जाणीवपूर्वक पुढे जावे आणि डाव तिकडे वळतील अशा सुरुवाती निवडाव्यात. ज्या क्षेत्रात तो मंद आहे, तेथे तेच साहित्य कमी प्रमाणात आणि अधिक वेळा घ्यावे. नवीन शंभर स्थिती पाहण्यापेक्षा जुन्याच वीस स्थिती महिनाभर फिरून फिरून सोडवाव्यात. मंद असलेला भाग सोडून देता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूर येथे गुकेश जगज्जेता झाला, तो चौदाव्या डावात, बरोबरीकडे झुकलेल्या एंडगेममध्ये एका प्याद्याच्या आघाडीवर चिकाटीने खेळत राहिल्यामुळे. त्याचा प्रतिस्पर्धी, तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याची चूक ५५ व्या चालीला झाली. अशा चिकाटीला उपजत गुण म्हणावे की कमावलेली सवय, हे ठरवणे कठीण आहे, पण लांबलेले एंडगेम सरावात शेवटपर्यंत खेळून ती वाढवता येते, हे निश्चित.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लहान वयात सुरुवात केलेले खेळाडू मोठ्या पातळीवर अधिक संख्येने आढळतात, हे खरे आहे. तरीही अकिबा रुबिनस्टाइन किशोरवयात, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाने उशिरा, खेळ शिकला आणि जगातील सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. हत्तींच्या एंडगेममध्ये आजही त्याचेच डाव आदर्श म्हणून शिकवले जातात. जगज्जेतेपदाचे स्वप्न आणि आपला खेळ सुधारण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी वयाची अट नाही.

पालक आणि प्रशिक्षक यांनी पहिल्या दोन वर्षांच्या निकालांवरून मुलाची प्रतिभा ठरवू नये. मूल आपण होऊन पट मांडते का, हरल्यावर डाव पुन्हा दाखवायला तयार असते का, आणि गेल्या महिन्यात समजावलेली कल्पना या महिन्यात न सांगता वापरते का, हे पाहावे. या तीन गोष्टींच्या नोंदी सहा-सहा महिन्यांनी तपासाव्यात. एकच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी साहित्य सोपे करावे, मग स्पर्धा कमी करून तपासणीचा वेळ वाढवावा, आणि त्यानेही फरक पडला नाही तर शिकवण्याची पद्धत किंवा प्रशिक्षक बदलून पाहावा. एवढे केल्याशिवाय, मुलात मुळातच काही कमी आहे असा निष्कर्ष कोणीही काढू नये.